जरा ॲडजस्ट करा!

मंडळी, गेला महिना-दीड महिना माझं लिहिणं थांबलं होतं, त्याचं कारण तिघा-चौघांनी फोन करून विचारलं. तब्येत ठणठणीत आहे. (नागपूरच्या वन्संनी उगाच काळजी करू नये.) कारण होतं उजव्या हाताची करंगळी. ती आणि तिच्या शेजारची अनामिका, दोघींनी मिळून संप पुकारला होता. सकाळी उठलं की दोन्ही बोटांना मुंग्या, पेन धरलं की पेन निसटतंय, पोळी लाटताना लाटणं एका बाजूला पळतंय. आणि या सगळ्याच्या मुळाशी होती माझी नवी कोरी सायकल.

सायकलची हकीगत तुम्हा निम्म्या लोकांना माहीत आहे, उरलेल्यांसाठी सांगते. माझी जुनी लेडीज सायकल मी नोकरीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १९७२ साली घेतली होती. शाळा सुटली, मी निवृत्त झाले, तरी ती चालूच होती. तीन वर्षांपूर्वी तिची फ्रेम सांध्याशी दुसऱ्यांदा तडकली, तेव्हा वेल्डिंगवाल्यानंच हात जोडले. त्यानंतर मी रिक्षाला पैसे घालत बसले. हे बघवेना म्हणून बंगळुरूच्या आमच्या भाच्यानं गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला गिअरची सायकल आणून दारात उभी केली. घर सहकारनगरात. सारसबागेकडून वर येताना जो चढ लागतो तो तरुणपणी कळत नव्हता, आता कळतो. तेव्हा गिअर ही गोष्ट मला मनापासून आवडली. मंडईतून भाजी, नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणि कुणाला न विचारता घराबाहेर पडणं, हे सगळं परत सुरू होणार होतं.

भाच्यानं दुकानात माझी उंची सांगितली. 'पाच फुटांच्या आसपास.' (चार फूट अकरा इंच, पण वाढदिवसाला एखादा इंच भेट द्यायला हरकत नाही.) दुकानदारानं सगळ्यांत छोटी फ्रेम काढून दिली. भाच्यानं स्वतः बसून एक चक्कर मारली आणि म्हणाला, एकदम मस्त. भाचा पाच फूट दहा इंच आहे.

पहिल्याच दिवशी मला वाटलं, ही सायकल लांब आहे. उंच नाही, लांब. पाय टेकत होते, पेडल नीट फिरत होतं, पण हँडल कुठल्या तरी दुसऱ्या पेठेत होतं. हात सरळ ताणले तेव्हा मुठी हातात आल्या. अंगाचा सगळा भार तळहातांवर, मान वर करून रस्ता बघायचा, आणि नकळत सीटच्या पुढच्या टोकावर घसरत यायचं. सारसबागेच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं की मी सायकलवर बसलेलीच नाहीये, तिला लोंबकळते आहे.

दुकानात गेले. तिथला मुलगा चांगला होता हो, पाणीबिणी दिलं. पण म्हणाला, "आंटी, तुम्हाला जुन्या सायकलीची सवय आहे ना, म्हणून वाटतंय. महिनाभर चालवा, ॲडजस्ट होऊन जाल."

मी महिना दिला, दोन दिले. बोटांना मुंग्या सुरू झाल्या. घरी सांगितलं तर चिरंजीव म्हणाले, "आई, आता या वयात कशाला? ऊठसूट सायकल!" डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं की कोपरापासून मनगटाच्या बाहेरच्या बाजूनं करंगळीकडे एक नस जाते, ती तळहाताशी दाबली जाते आहे. उपाय? सायकल बंद करा. तुम्हीही आता थोडं ॲडजस्ट करायला हवं.

इथे माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. 'ॲडजस्ट' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. घड्याळ, रेडिओची सुई, शिवणयंत्राचा ताण, असल्या वस्तू ॲडजस्ट करायच्या. आपण तो माणसांनाही लावतो. तिघांच्या बाकावर चौथ्याला बसायचं असेल तर 'जरा ॲडजस्ट करा'. नवी सून आली की 'करेल हळूहळू ॲडजस्ट'. वस्तू आहे तिथेच, सरकायचं माणसानं. माझ्या आणि त्या सायकलीमध्ये दोन-चार बोटांचं अंतर होतं, आणि दुकानदार, मुलगा, डॉक्टर या तिघांपैकी एकालाही असं वाटलं नाही की सायकलच जरा सरकवून बघावी. नट-बोल्ट तिला आहेत, मला नाहीत!

आता कुणी म्हणेल, बाई, तुमची पिढी तर कुठल्याही सायकलीवर बसायची. खरं आहे. मी सायकल शिकले ती पानशेतच्या पुराच्या पुढच्या उन्हाळ्यात, १९६२ साली. सदाशिव पेठेतून एस. पी. कॉलेजच्या मैदानावर वडिलांची चोवीस इंची सायकल ढकलत न्यायची. सीटवर बसून पाय पोचण्याचा प्रश्नच नव्हता. दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डावा हात हँडलवर, उजवा हात सीटला किंवा दांडीला, आणि अर्धं अर्धं पेडल मारत वाकडं वाकडं जायचं. कैची म्हणायचे त्याला. भाड्याच्या दुकानात मुलांची छोटी सायकल मिळायची, पण ती तासावर, आणि आमच्या घरात तासाला पैसे मोजण्याची पद्धत नव्हती. थोरला भाऊ दोन वर्षांत उंच झाला आणि सीटवर बसला. मी काही तितकी उंच झाले नाही. त्यानंतर ती सायकल त्याची झाली, हे कुणी ठरवलं नाही, तसं झालं.

त्या काळचं पुणं सायकलींचं शहर होतं, हे आम्ही सगळे आता फार अभिमानानं सांगतो. हुजूरपागेच्या, एस. पी.च्या, फर्ग्युसनच्या मुली सायकलवर जायच्या, बाहेरगावचे पाहुणे बघत राहायचे. मीही सांगते. पण करंगळी बधिर झाल्यावर दुपारी पडल्या पडल्या मी जरा आठवून पाहिलं. आमच्या गल्लीत मैदानावर सायकल शिकायला गेलेल्या आम्ही सात मुली होतो. पुढे सायकल चालवत राहिलेल्या तिघी. चौघी सुटल्या. एकीला 'आवडत नाही' म्हणून, एकीला 'भीती वाटते' म्हणून, एक पडली म्हणून. चौथीचं काय झालं ते आठवत नाही. आज वाटतं, त्यांतल्या एखादीला भीती सायकलीची नसेलच, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नसतील एवढंच असेल. पण 'आमच्या वेळी आम्ही काहीही चालवायचो' हे म्हणायला आज कोण उरलं? जे चालवत राहिले तेच. ज्यांना जमलं नाही ते त्या वाक्यात नाहीतच.

असो. मी काय उद्योग केले ते सांगते, म्हणजे तुम्ही तेच करणार नाही.

हँडल लांब वाटतं म्हटल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, तर सीट पुढे सरकवली. सीटखाली दोन सळया असतात, त्यांवर ती मागे-पुढे होते. घरातला पाना घेतला आणि जाईल तेवढी पुढे ढकलली. शिवाय दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत म्हणून खालीही घेतली. हात जरा सुखावले. पंधरा दिवसांत गुडघा बोलायला लागला. आता हात की गुडघा, असा प्रश्न. सायकल जिन्याखाली गेली, तिच्यावर जुनी चादर आली. आमच्या सूनबाईंनी अगदी प्रेमानं विचारलं, "आई, ही कुणाला देऊन टाकायची का?" त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं. सायकल गेली की पुढे काय काय जातं त्याची यादी माणूस रात्रीच करतो.

दुसऱ्या दिवशी मी ती ढकलत ढकलत पेठेतल्या एका बोळात नेली. माझी जुनी सायकल ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली ते मिस्त्री तिथे आहेत. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि दोन पंप. त्यांनी सायकल पाहिलीच नाही. आधी मला म्हणाले, "ताई, बसा. मी धरतो." एका हातानं सीट, एका हातानं हँडल धरून उभे राहिले आणि मला पेडल उलटं फिरवायला लावलं. मग एक मिनिट बघून म्हणाले, "सीट कुणी पुढे आणली?"

मी वर्गात पकडलेल्या मुलासारखी गप्प.

त्यांनी जे समजावलं ते इतकं सरळ होतं की मला वाटलं, हे शाळेत का शिकवत नाहीत? सीट असते पायांसाठी, हँडल असतं हातांसाठी. हाताची तक्रार सीटनं मिटवायला गेलं की ती गुडघ्यात जाते. म्हणून आधी सीट. चप्पल-बूट घालून टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पेडल नेहमीसारखं चवड्याखाली घेतलं की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. माझी सीट चांगली दीड इंच वर गेली. मी घाबरले. पाय कसे टेकणार? म्हणाले, बसल्या बसल्या टेकायचे नाहीत, थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, जुन्या सायकलीवर तुम्ही तेच तर करत होता. आणि हे खरंच होतं!

सीट वर घेतली तशी ती थोडी मागेही गेली, कारण सीटची नळी तिरपी असते. मग सळयांवरूनही ती मूळ जागी मागे घेतली. म्हणजे हँडल आणखीच लांब झालं. आता त्यांनी मोजलं. टेप नाही, काही नाही. सीटच्या टोकाला माझं कोपर टेकवलं आणि हात हँडलकडे सरळ धरायला सांगितला. बोटांची टोकं हँडलच्या जवळपास यायला हवीत, हे जुन्या लोकांचं माप. अंदाजाचंच आहे, प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही, असं त्यांनीच सांगितलं. माझ्या बोटांपासून हँडल चार बोटं लांब होतं.

उपाय निघाला हँडलच्या मानेत. हँडलची आडवी नळी आणि चिमट्याची उभी नळी यांना जोडणारा जो पुढे आलेला तुकडा असतो, त्याला दुकानात स्टेम म्हणतात, मी मान म्हणते. माझ्या सायकलीची मान होती ९० मिलिमीटर. मिस्त्रींनी डब्यातून ६० ची काढली. ती वर कललेल्या बाजूनं बसवली आणि मानेच्या वर ज्या चकत्या होत्या त्या खाली घातल्या, म्हणजे हँडल दोनेक सेंटिमीटर उंचही झालं. यात एक गंमत आहे. ती उभी नळीसुद्धा तिरपी असते, मागच्या बाजूला कललेली, त्यामुळे हँडल वर घेतलं की ते थोडंसं आपल्याकडेही येतं. सगळं मिळून साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. बोटांच्या हिशोबात दोन बोटं. उरलेली दोन? ती सोडून द्या म्हणाले, कोपरात थोडा बाक आला की झालं, आरामखुर्ची करायची नाहीये.

पाचशे रुपयांच्या आत काम झालं. वेळ अर्धा तास, त्यात चहा.

ज्यांना घरी करून पाहायची हौस आहे (आमच्या घराण्यात ती पुष्कळांना आहे) त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नव्या सायकलींना मानेच्या डोक्यावर एक टोपी आणि तिच्यात स्क्रू असतो. सगळ्यांना वाटतं हँडल त्यानं धरलेलं आहे. तसं नाही. मानेला धरतात ते बाजूचे दोन स्क्रू, टोपीचा स्क्रू फक्त आतल्या छर्‍यांची ढिलाई काढतो. म्हणून बसवताना आधी टोपी बेताची आवळायची, मग हँडल चाकाशी काटकोनात आहे ना ते बघून बाजूचे स्क्रू. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची, खडखड आली तर परत सगळं सैल करून पहिल्यापासून. आणि जुन्या पद्धतीच्या सायकली, ज्यांची मान नळीच्या आत गेलेली असते, त्यांत वरचा बोल्ट चार-पाच आटे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका मारला की आतली पाचर सुटते आणि हँडल वर घेता येतं. मात्र त्या नळीवर एक खूण असते, तिच्यावर काढायचं नाही. हँडल हातात येऊन दात पडलेले मी दोन पाहिलेत.

मी विचारलं, माझ्या जुन्या सायकलीचं मागे वळलेलं हँडल हिला बसेल का? ते मुठी थेट आपल्याकडे आणून देतं, म्हणून तर त्या सायकलीवर ताठ बसता यायचं. तर म्हणाले, नव्या मानेची पकड ३१.८ मिलिमीटरची आहे, जुनं हँडल मधोमध २५.४ चं. मध्ये पत्र्याची नळी घालून बसवता येईल, पण आधी एक महिना हे चालवून बघा.

आणि जाता जाता त्यांनी ब्रेकच्या दांड्यांमधला एक छोटा स्क्रू फिरवला. दोन्ही दांड्या मुठीच्या जवळ आल्या. मी बघतच राहिले. वर्षभर मी सगळी बोटं ताणून ब्रेक दाबत होते, आणि तो एवढासा स्क्रू तिथेच होता!

त्या स्क्रूवरून मला जी आठवण आली ती सांगू की नको असं करत होते. सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती, लहानखुरी. मोठ्या भावाची सायकल तिला मिळाली होती, तेव्हा नुकती मुलांमध्ये लोकप्रिय झालेली सरळ हँडलची. कोपर खरचटून वर्गात यायची. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाली, "बाई, हँडल लांब पडतं, ब्रेक लागत नाही." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "होईल सवय." पावसाळ्यात टिळक रोडवर ती पडली, मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण सायकल घरच्यांनी बंद केली, आणि पुढे ती शाळेत यायची ती भावाच्या मागे डबलसीट, त्याच्या वेळेनं. क्लासला, ग्रंथालयात यायची ते बंदच झालं. तिनं मला काय सांगितलं होतं ते अगदी नेमकं होतं. निदान नेमकं. आणि मी, पस्तीस वर्षांहून जास्त शिकवलेली बाई, तिला तेच म्हटलं जे त्या दुकानातल्या मुलानं मला म्हटलं. मला निदान पेठेतले मिस्त्री माहीत होते.

तेव्हा आता मतं मांडायचा हक्क मला थोडा कमीच आहे, पण मांडते.

पहिलं म्हणजे दुकानात सायकलीचा आकडा सांगतात, सोळा, सतरा, अठरा इंच, तो उंचीचा असतो. सीटच्या नळीची लांबी. सायकल पुढे किती लांब आहे ते तो आकडा सांगत नाही. आणि छोटी फ्रेम उंचीला कमी झाली तरी लांबीला तितकी कमी होत नाही, कारण चाकं तेवढीच मोठी ठेवली तर पुढचं चाक जवळ आणता येत नाही, वळताना चवडा त्याला लागतो. म्हणजे माझ्यासारखीला छोटी म्हणून दिलेली सायकल बुटकी असते, आखूड नसते. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी यावर १९८५ साली आपली कंपनीच काढली. त्यांनी लहानखुऱ्या बायकांसाठी सायकलींना पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान बसवलं, म्हणजे हँडल जवळ घ्यायला जागा झाली. दिसायला विचित्र, पण हात पोचतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शिंप्याची आठवण झाली. छातीचं माप बरोबर आहे म्हणून हाताची बाही कोपरापर्यंत आलेला ब्लाउज आपण घेऊ का? चार वेळा उसवायला लावू. शंभर रुपयांच्या शिलाईसाठी हुज्जत घालणाऱ्या आम्ही बायका हजारो रुपयांच्या सायकलीला 'चालेल' म्हणून घेऊन येतो.

दुकानदारांनी सायकल विकताना माणसाला एकदा तिच्यावर बसवून बघावं, आणि दोन-तीन लांबीच्या माना ठेवाव्यात. त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, फुकट नको. फुकट मिळालं की आपणही लक्ष देत नाही. आणि भेट म्हणून सायकल देणाऱ्यांनी ज्याला द्यायची त्याला दुकानात घेऊन जावं. सरप्राइज साडीचं करा.

दुसरं सार्वजनिक सायकलींचं. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेच्या सभेनं सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास पिवळ्या-नारिंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्यांचं काय काय चुकलं यावर विद्वान बोलतील. मी दोनदा बसले. सीट खाली-वर होत होती, हँडल जिथल्या तिथे. सगळ्या पुण्याला एकच माप!

आणि तिसरं, जे मला खरं महत्त्वाचं वाटतं. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलीचं अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार केली. उत्तम योजना आहे, तिच्यामुळे गावोगावच्या मुली शाळेत टिकल्या असतील. पण आठवीतली मुलगी आणि बारावीतली मुलगी यांच्या हातात किती फरक असतो ते कुणाही शिक्षिकेला विचारा. सायकल आल्यावर हारतुरे, फोटो होतात. त्याच दिवशी गावातल्या एका मिस्त्रीला शाळेत बोलवावं. एकेका मुलीला बसवून सीट, हँडल, ब्रेक तिच्या मापाचं करून द्यावं, आणि पुढच्या वर्षी ती वाढली की परत. तुमच्यापैकी जे अजून शाळेत आहात, मुख्याध्यापक झाला आहात (दोघं तरी आहात, मला माहीत आहे), त्यांनी एवढं मनावर घ्या. फोटो त्याचाही काढा हवं तर.

सगळंच माप बदलून सुटतं असं नाही. फ्रेमच फार मोठी असेल तर मान किती आखूड करणार? हँडल हलकं होतं, चाक लवकर वळतं. मला स्वतःला पहिले चार दिवस सायकल थोडी चंचल वाटली, खड्डा चुकवायला जरा वळवलं तर जास्तच वळायची. अशा वेळी सायकल बदलणं बरं. आणि काही गोष्टींची खरोखर सवयच व्हावी लागते. नवी सीट मलाही पहिले पंधरा दिवस टोचली, मग टोचेनाशी झाली. मग सवय कुठली आणि चुकीचं माप कुठलं हे ओळखायचं कसं? माझ्यापुरतं मी असं बघते, की दुखणं रोज थोडं कमी होत गेलं तर थांबायचं, वाढत गेलं तर पाना काढायचा.

करंगळी आता बरी आहे. डॉक्टरांना दाखवायला सायकलवरूनच गेले होते. त्यांनी बोटं दाबून पाहिली, सुधारणा आहे म्हणाले, आणि सायकल बंद केल्याचा गुण आला असं समजले. मी खिडकीतून खाली लावलेली सायकल दाखवली. मग त्यांनी मिस्त्रींचा पत्ता विचारला, त्यांच्या मंडळींसाठी.

काढलेली ९० ची मान मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. भाचेसाहेब, डिसेंबरात येताय ना? ती बसवून ठेवते, तुम्ही फिरवा सायकल आठवडाभर. जाताना मात्र माझी माझी ६० ची परत लावून द्यायची, आणि चकत्या मोजून. तीन आहेत.